नाणेपरीक्षेची पदकं: सोलापुरात बसून संग्रह कसा उभा करायचा

सोलापुरात जुनी नाणी जमवणारे कमी नाहीत. शिवराई, निजामाचा हाली शिक्का, इंग्रजांचा कलदार ही नावं त्यांच्या रोजच्या बोलण्यात असतात. औरंगजेबाच्या काळात इथल्याच टांकसाळीत पडलेला, ‘शोलापूर’ असं नाव असलेला रुपया आपल्याकडे असावा, अशी इच्छाही बहुतेकांना असते. पण टांकसाळीतून बाहेर पडलेलं नाणं ठरल्या कसाचं आहे की नाही, हे सरकारनं दरवर्षी समारंभानं तपासायचं आणि त्या बैठकीची आठवण म्हणून पदक पाडायचं, अशी एक पद्धत अमेरिकेत शंभरावर वर्षं चालली. ती पदकं आजही लिलावात येतात. नाण्यांच्या मानानं त्यांना गिऱ्हाईक थोडं, माहिती भरपूर आणि खोटी पदकं तुलनेनं कमी. त्यामुळे मोठ्या शहरापासून लांब राहणाऱ्या आणि खिशाला जपणाऱ्या माणसाला हा विषय जमण्यासारखा आहे.

नाणी थोडीफार हाताळलेली आहेत, पण पदकांकडे कधी वळलेले नाहीत, अशा वाचकाला समोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

आधी परीक्षा समजून घ्या

पदक कशाचं आहे ते कळल्याशिवाय ते विकत घेण्यात अर्थ नाही. सोलापूरकराला ही परीक्षा समजायला फार लांब जावं लागत नाही. हा जिल्हा निजामाच्या मुलखाला लागून. नळदुर्ग, तुळजापूरकडचा माल इथं यायचा तेव्हा पैसे हाली शिक्क्यात की कलदारात, हे आधी ठरायचं आणि त्या दोहोंतल्या फरकाचा हिशोब व्हायचा. त्याच्याही आधी, मराठेशाहीत, अंकुशी, चांदवडी असे वेगवेगळे रुपये एकाच बाजारात फिरत. कोणता रुपया किती बट्ट्यानं, म्हणजे किती कमी धरून, घ्यायचा हे पोतदार सांगे. नाणं पारखणं हे त्याचं वतनी काम होतं.

युरोपात हेच काम राजानं आपल्या अधिकाऱ्यांच्या हाती दिलं. इंग्लंडमध्ये ‘ट्रायल ऑफ द पिक्स’ ही परीक्षा तेराव्या शतकापासून चालत आली आहे. पिक्स म्हणजे पेटी. टांकसाळीनं पाडलेल्या नाण्यांतली काही बाजूला काढून पेटीत ठेवायची आणि ठरल्या दिवशी सराफांच्या पंचांसमोर ती मोजायची, तोलायची, वितळवून कस बघायचा. आयझॅक न्यूटन टांकसाळीचा प्रमुख असताना 1710 च्या परीक्षेत त्याची सोन्याची नाणी कसाला कमी भरल्याचा निकाल लागला. न्यूटननं उलट पंचांच्या हातातली तुलनेची पट्टीच चूक ठरवली. ती 1707 मध्ये केलेली आणि हवी त्यापेक्षा जास्त शुद्ध सोन्याची होती. नाणं चूक की मापच चूक, हा वाद तेव्हापासूनचा आहे. 1870 च्या कायद्यानंतर ही परीक्षा लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये होऊ लागली आणि आजही तिथंच होते.

फ्रान्समध्ये ‘कूर दे मोने’ नावाचं नाण्यांचं न्यायालयच होतं. त्याला 1552 मध्ये सार्वभौम न्यायालयाचा दर्जा मिळाला आणि फ्रेंच राज्यक्रांतीत ते बंद झालं. त्याच्या नावानं पाडलेले ‘जेतों’, म्हणजे नाण्यासारखे दिसणारे हिशोबाचे बिल्ले, युरोपातल्या व्यापाऱ्यांकडे मिळतात. मोठ्या पदकांच्या मानानं ते स्वस्त असतात.

आपला मुख्य विषय मात्र अमेरिकेचा. तिथल्या 1792 च्या टांकसाळ कायद्यातच वार्षिक तपासणीची तरतूद होती. तपासणाऱ्यांत सरन्यायाधीश, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री, ॲटर्नी जनरल अशा पदांची नावं कायद्यानंच घातली होती. पहिली बैठक 1797 मध्ये झाली. 1837 च्या कायद्यानंतर राष्ट्राध्यक्ष दरवर्षी सामान्य नागरिकांनाही या मंडळावर नेमू लागले आणि ‘ॲसे कमिशन’ (ॲसे म्हणजे धातूचा कस काढणं) हे मानाचं बोलावणं होऊन बसलं. मंडळी साधारण फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत जमत. फिलाडेल्फियाबरोबरच सॅन फ्रान्सिस्को, कार्सन सिटी, न्यू ऑर्लीन्स, डेन्व्हर अशा इतर टांकसाळींतून राखून ठेवलेली नाणीही तिथं येत. एक गट ती मोजे, दुसरा तोली आणि तिसरा कस काढी.

कस कसा काढत, हे सराफाच्या पेढीवर बसलेल्याला लगेच कळेल. नाण्याचा तुकडा शिशात गुंडाळून हाडांच्या राखेच्या छोट्या वाटीत भट्टीत ठेवायचा. शिसं तांब्यासारख्या हीन धातूंना सोबत घेऊन त्या राखेत मुरतं आणि वाटीत सोन्या-चांदीचा मणी उरतो. सोन्यातली चांदी नायट्रिक ॲसिडनं वेगळी काढायची. आधीचं आणि नंतरचं वजन ताडून टंच, म्हणजे धातूची शुद्धता, काढायचा. अमेरिकेत सोन्या-चांदीच्या नाण्यांचा कस हजारी 900, म्हणजे हजारात 900 भाग शुद्ध, असा होता आणि त्यात अगदी थोडी सूट होती. बहुतेक वर्षी निकाल ‘सगळं ठीक’ असाच लागे. पण 1881 मध्ये कार्सन सिटीच्या आदल्या वर्षीच्या काही चांदीच्या डॉलरांचा कस ही सूट धरूनही कमी भरलेला आढळला. असा निकाल लागलेल्या वर्षाचं पदक हाती आलं तर त्याला वेगळी किंमत आहे, निदान माझ्या लेखी.

1965 नंतर अमेरिकेच्या रोजच्या नाण्यांतली चांदी जवळपास संपली. मग तपासायचं काय, हा प्रश्न उभा राहिला. 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नागरिक सदस्य नेमलेच नाहीत आणि 1980 मध्ये कायदा करून मंडळच बरखास्त केलं.

पदकं कधीची, कशाची

पहिलं पदक 1860 चं. टांकसाळीचा तेव्हाचा संचालक जेम्स रॉस स्नोडेन यानं ते पाडून घेतलं. त्यामागचा त्याचा मुख्य हेतू मंडळींना भेट देण्यापेक्षा आपल्या टांकसाळीची पदकं पाडायची ताकद जगाला दाखवण्याचा होता. 1861 मध्ये तो पदावरून गेला आणि प्रथा थांबली. ती 1867 मध्ये पुन्हा सुरू झाली आणि 1977 पर्यंत चालली. म्हणजे 1862 ते 1866 या सालांचं पदक कुणी दाखवलं, तर पैसे खिशातच राहू द्या.

पदकांच्या एका बाजूला बहुधा राष्ट्राध्यक्ष, अर्थमंत्री किंवा टांकसाळीशी संबंधित कुणाचं तरी चित्र असतं, नाहीतर एखादी प्रतीकात्मक स्त्री. दुसऱ्या बाजूला ‘ॲन्युअल ॲसे’ असे शब्द आणि साल. धातू बदलत गेले. सुरुवातीच्या काळात एकाच पदकाच्या चांदीत, तांब्यात आणि ॲल्युमिनियममध्येही प्रती निघाल्या, पुढे ब्राँझ रुळलं आणि 1977 चं पदक प्यूटरचं, म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूचं आहे. ठसे कोरणारे टांकसाळीचे मुख्य कोरक म्हणजे विल्यम बार्बर, त्याचा मुलगा चार्ल्स बार्बर, मग जॉर्ज मॉर्गन, जॉन सिनॉक, गिलरॉय रॉबर्ट्स आणि फ्रँक गॅस्पॅरो. अमेरिकी नाणी जमवणाऱ्याला ही नावं परिचयाची असतात. मॉर्गन डॉलरचा मॉर्गन तो हाच.

पदकं मंडळाच्या सदस्यांसाठी असल्यामुळे बहुतेक वर्षी त्यांची संख्या काही डझनांतच राहिली. 1977 चं वेगळं. ते नंतर टांकसाळीनं सर्वसामान्यांनाही विकलं. म्हणून ते सगळ्यांत सहज आणि सगळ्यांत कमी किमतीत मिळतं.

किती आणि कोणती जमवायची

सगळी सालं पुरी करायचा नाद करू नका. शंभराहून जास्त वर्षांची मालिका आहे. त्यात एकाच वर्षाच्या दोन-तीन धातूंतल्या प्रती आणि सुरुवातीच्या काळातली काही पदकं अशी, की दहा-दहा वर्षांत एखादंच बाजारात येतं. भरपूर पैसा असलेल्या माणसालाही ती यादी पुरी करताना घाम फुटतो.

एकाच कोरकाची पदकं घेणं हा चांगला मार्ग आहे. डोळा तयार होतो आणि खोटं लगेच खटकतं. दुसरा मार्ग एखादं दशक धरण्याचा. 1930 ते 1960 या काळातली ब्राँझ पदकं त्यातल्या त्यात नियमितपणे लिलावात दिसतात.

मला स्वतःला तिसरा मार्ग आवडतो. त्यात पदक मध्यभागी ठेवायचं आणि त्याभोवती परीक्षेचा सगळा संसार मांडायचा. एक अमेरिकी पदक, एक फ्रेंच जेतों, 1835 चा कंपनीचा रुपया, इथल्या जुन्या बाजारात मिळणारी सराफी वजनं आणि छोटा तराजू. कंपनीचा रुपया त्यात कशाला, असं कुणी विचारेल. 1835 मध्ये सगळ्या कंपनी मुलखासाठी 180 ग्रेन वजनाचा आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा एकच रुपया ठरला. त्या सुधारणेत कलकत्ता टांकसाळीचा ॲसे मास्टर, म्हणजे कस तपासणारा मुख्य अधिकारी, जेम्स प्रिन्सेप याचा मोठा वाटा होता. ब्राह्मी लिपी वाचणारा प्रिन्सेप तोच. त्याच्या आधी त्याच पदावर होरेस विल्सन होता, संस्कृतचा पंडित. दिवसा चांदीचा टंच काढायचा आणि रात्री शिलालेख नाहीतर नाटकं वाचायची, अशी ही माणसं. असा संग्रह पाहुण्यांना दाखवला तर तेही कंटाळत नाहीत, आणि खर्च आपल्या हातात राहतो.

आधी कागद, मग धातू

पहिले काही महिने काहीही विकत घेऊ नका. फक्त वाचा आणि यादी करा.

अमेरिकी टांकसाळ संचालकांचे वार्षिक अहवाल आणि जुनी लिलाव-पुस्तकं न्यूमन न्यूमिस्मॅटिक पोर्टलवर फुकट वाचायला मिळतात. कोणत्या वर्षी मंडळावर कोण होतं आणि निकाल काय लागला, हे जुन्या अहवालांत सापडतं. पदकांसाठी ज्युलियन आणि क्यूश यांची सूची प्रमाण मानतात. लिलावाच्या वर्णनात ‘जेके’ आणि पुढे ‘एसी’ क्रमांक दिसतो तो त्यांचाच. मोठ्या लिलावसंस्थांच्या संकेतस्थळांवर जुन्या विक्रीचे भाव आणि फोटो असतात. नाव नोंदवलं की ते बघता येतात.

एक वही किंवा एक्सेलची फाइल करा. साल, सूची-क्रमांक, धातू, व्यास, वजन, विक्रीची तारीख, भाव आणि फोटोची लिंक एवढे रकाने पुरेत. एकाच पदकाच्या चार-पाच विक्री नोंदवल्या की खरा भाव कुठे आहे ते आपोआप दिसतं. विक्रेत्यानं लावलेला भाव आणि प्रत्यक्षात हातोडा पडलेला भाव यांत कधीकधी दुपटीचा फरक असतो.

शोधताना एक अडचण हमखास येते. इंटरनेटवर नुसतं ‘ॲसे’ शोधलं की सोन्याच्या बिस्किटांची पाकिटं समोर येतात, कारण त्यांच्या प्रमाणपत्राच्या कार्डालाही तेच नाव आहे. म्हणून ‘ॲन्युअल ॲसे’ किंवा ‘ॲसे कमिशन मेडल’ असे पूर्ण शब्द आणि साल इंग्रजीत टाइप करा.

प्रत्यक्ष बघण्यासाठी मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे. तिथं ही पदकं मिळणार नाहीत, पण भारतीय नाण्यांचा सगळा प्रवास नजरेखालून जातो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघालं की दुसऱ्या दिवशी निवांत बघून होतं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे. अभ्यासाची खरी ओढ असेल तर तिथला ग्रंथसंग्रह उपयोगी पडतो. पुण्यात नाण्यांचं प्रदर्शन असलं तर हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तिथं परदेशी पदकांचे डबे उचकणारे फारसे नसतात, त्यामुळे व्यापारी निवांत बोलतात.

समोर आलेलं पदक तपासताना

आधी साधनं. शंभरावा भाग ग्रॅम दाखवणारा काटा, डिजिटल व्हर्निअर, दहापट दाखवणारं भिंग आणि एक लोहचुंबक. काटा अशा बेताचा घ्या की दोन-अडीचशे ग्रॅमपर्यंत तोलता येईल. पदकं नाण्यांपेक्षा बरीच जड असतात आणि खाली येणारा पाण्याचा पेलाही त्याच काट्यावर ठेवायचा आहे.

सुरुवात मागच्या बाजूपासून करा. राष्ट्राध्यक्षाचं चित्र असलेली असंख्य पदकं अमेरिकी टांकसाळीनं सर्वांसाठी विकली आहेत आणि परीक्षेच्या पदकांवर कित्येकदा तीच चित्रं वापरली आहेत. नुसतं दर्शनी चित्र बघून काहीच ठरत नाही. मागे वार्षिक परीक्षेचा मजकूर आणि साल हवं, आणि ती जोडी सूचीतल्या जोडीशी जुळायला हवी. फोटोत एकच बाजू दाखवणाऱ्या विक्रेत्याकडे दुसरी मागून घ्या. देत नसेल तर विषय संपला.

मग कड. भिंगाखाली सबंध कड फिरवून बघा. मधोमध बारीक सांध्याची रेघ दिसली तर दोन पत्रे जोडून केलेली प्रत असू शकते. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा बोथट असतात, सपाट भागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात आणि धातू थंड होताना आकसत असल्यामुळे व्यास अस्सलपेक्षा किंचित कमी भरतो. व्हर्निअर इथं कामाला येतो. कडेवर किंवा मागच्या मोकळ्या जागेत सदस्याचं नाव कोरलेलं असेल तर ते नाव त्या वर्षीच्या यादीत आहे का ते बघा. नाव जुळलं तर तुमच्या पदकाला माणूस मिळतो. 1920 मध्ये शिकागोच्या मिसेस केलॉग फेअरबँक या मंडळावरच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. अशा व्यक्तीचं पदक असेल तर संग्रहाचा मध्यबिंदूच बदलेल.

आता घनता. ही घरी करता येते आणि धातूला काही होत नाही. पदक कोरडं तोला. मग काट्यावर डिस्टिल्ड पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. पदक बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं धरा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. बुडबुडे चिकटले असतील तर हळूच हलवून सोडवा. काटा आता जो आकडा दाखवतो तो म्हणजे पदकाचं घनफळ. कोरडं वजन भागिले हा आकडा की घनता आली. समजा पदक 62.40 ग्रॅमचं आहे आणि पाण्यात काटा 7.05 दाखवतो, तर घनता 8.85. म्हणजे तांबं किंवा ब्राँझ. हजारी 900 चांदी असेल तर 10.3 च्या आसपास, प्यूटर 7.3 च्या आसपास, ॲल्युमिनियम 2.7. चांदीचं म्हणून विकलेलं पदक 8.9 दाखवत असेल तर वर नुसता मुलामा आहे. पदकावरचा रंग सुटत असेल किंवा हिरवे भुरभुरीत ठिपके असतील तर मात्र पाण्यात बुडवू नका.

सराफ बाजारात टंच काढायचं एक्स-रे मशीन असतंच. ओळखीच्या पेढीवर जाऊन ‘काका, नुसता मशीनवर बघा, कसोटीला लावू नका, कानसही लावू नका’ असं आधी स्पष्ट सांगा. सवयीनं त्यांचा हात कसोटीकडे जातो, आणि एक ओरखडा पडला की पदकाची किंमत उतरते. शिवाय ते मशीन वरचा पातळ थरच वाचतं. जाड मुलामा असेल तर ते त्यालाच चांदी म्हणेल. त्यामुळे मशीन आणि घनता दोन्ही बघायचं. दोन्ही जुळले तरच धातूची खात्री.

रंगाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथंच पैसे बुडतात. एकोणिसाव्या शतकातल्या तांब्याच्या पदकांना टांकसाळीतच गडद तपकिरी, लालसर झाक असलेला रंग चढवत. तो मळ नव्हे, ते मूळ काम आहे. नंतरच्या ब्राँझ पदकांचा रंग पिवळट आणि पृष्ठभाग बऱ्याचदा मंद, वाळूच्या फवाऱ्यानं केल्यासारखा असतो. 1870 च्या दशकातलं तांब्याचं पदक जर नव्या घंगाळासारखं लखलखत असेल तर कुणीतरी ते घासलं आहे, किंवा मूळ ठशांवरून फार उशिरा काढलेली ती प्रत आहे. दोन्ही गोष्टी गुन्हा नाहीत, पण भाव त्याप्रमाणे हवा. लोहचुंबकाला चिकटलं तर पुढे काहीच बघायची गरज नाही.

पैसे, पार्सल आणि कायदा

परदेशी लिलावात हातोडा पडलेल्या किमतीवर खरेदीदाराकडून वेगळी रक्कम घेतात. ती बऱ्याच ठिकाणी वीस टक्के किंवा त्याहून जास्त असते. समजा 300 डॉलरला पदक मिळालं, तर 60 डॉलर ते, 45 डॉलर टपाल, म्हणजे 405. त्यावर बँकेचा विनिमयाचा फरक, आणि भारतात आल्यावर सीमाशुल्क आणि कर. बोली लावण्याआधी हा सगळा हिशोब उलटा करा. घरात येईपर्यंत मला किती परवडतं, तिथून मागे येऊन कमाल बोली ठरवा आणि ती कागदावर लिहून ठेवा. लिलावाची वेळ आपल्याकडे बहुधा रात्रीची किंवा पहाटेची असते. झोपेत दोन बोल्या जास्त जातात. आधीच कमाल रक्कम भरून ठेवायची सोय असते, ती वापरा.

कुरिअरनं येणाऱ्या पार्सलला आधार, पॅन अशी ओळखीची कागदपत्रं लागतात. कागदपत्रं मागण्याचा ईमेल आला की लगेच पाठवा, नाहीतर पार्सल विमानतळावर पडून राहतं. टपालानं आलं तर शुल्क पोस्टमन दारात घेतो. शुल्काचे दर बदलत असतात, म्हणून मागवण्याआधी त्या वेळचा दर बघा. विक्रेत्याला बिलावर ‘नाणकशास्त्रीय संग्रहाची वस्तू’ अशा अर्थाचं स्पष्ट वर्णन आणि साल लिहायला सांगा. नुसतं ‘चांदीचं पदक’ लिहिलं की त्याकडे मौल्यवान धातूची वस्तू म्हणून बघितलं जाण्याची शक्यता वाढते. किंमत कमी दाखवायला किंवा ‘गिफ्ट’ लिहायला कधीही सांगू नका. पार्सल हरवलं तर विमाही त्या कमी किमतीचाच मिळेल, कायद्याचं तर सोडाच.

आता अशी गोष्ट जी बहुतेक जण विचारात घेत नाहीत. आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवायला सामान्य माणसाला मनाई आहे. परदेशातून आलेलं 1880 चं पदक पुन्हा अमेरिकेतल्या लिलावात विकावं असं पुढे कधी वाटलं, तर ही अडचण उभी राहू शकते. म्हणून जुन्या पदकांच्या आयातीची सगळी कागदपत्रं जपा: बिल, सीमाशुल्काची पावती, पार्सलवरचं लेबल. आणि पुढे विकायचा विचार असेल तर शंभर वर्षांच्या आतली पदकं जास्त सोयीची. भारतात या पदकांना गिऱ्हाईक अगदी थोडं आहे हे धरूनच चाला.

सोलापूरच्या हवेत जपणूक

हवा कोरडी, हे आपलं भाग्य. कोकणातल्या संग्राहकाला ब्राँझवर हिरवा रोग चढण्याची जी धास्ती असते ती इथं फार कमी. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर गेला तरी धातूला काही होत नाही, पण स्वस्त प्लॅस्टिकला होतं. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं उष्णतेनं पाझरतात आणि पदकावर हिरवट चिकट थर बसतो. मायलरची (पॉलिएस्टर फिल्मची) पाकिटं किंवा कडक, पारदर्शक डब्या घ्या. पदकं जाड असल्यामुळे नाण्यांच्या डब्या पुरत नाहीत, म्हणून व्यास आणि जाडी मोजून मगच मागवा.

लोखंडी कपाट चांगलं. नवं प्लायवूड आणि फेव्हिकॉलचा वास असलेलं लाकूड नको, त्यातून निघणारी आम्लाची वाफ ब्राँझला खाते. वर्तमानपत्र, रबरबँड, लोकर यांपैकी काहीही पदकाला लागू देऊ नका. घरात भरपूर आहेत म्हणून सोलापुरी चादरीत किंवा टॉवेलात गुंडाळायचा मोहही आवरा. रंग आणि कांजी दोन्ही धातूच्या कामाचे नाहीत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तापवून पुन्हा कोरड्या करा.

धूळ हा इथला खरा शत्रू. ती कपड्यानं पुसली की बारीक वाळू पदकावर घासली जाते. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठीचा रबरी फुगा मारून आधी धूळ उडवा. एवढंच. चिंच, लिंबू, राख, भांड्याची पावडर हे सगळं देवघरातल्या समईसाठी. पीव्हीसीचा चिकट थर बसलाच असेल तर काचेच्या भांड्यात शुद्ध ॲसिटोन घेऊन त्यात काही मिनिटं ठेवता येतं. खिडकी उघडी हवी, जवळ गॅस किंवा उदबत्तीही नको, आणि नेलपॉलिश काढायचं द्रावण त्याऐवजी चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतात. प्यूटर मऊ असतं. त्याला कडेनं धरा आणि बोटाचा ठसा उमटू देऊ नका.

नोंद आणि खरेदीचा क्रम

प्रत्येक पदकाचा एक कागद करा. त्यावर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, वजन, व्यास, घनता, सूची-क्रमांक, कुणाकडून कधी आणि कितीला घेतलं, आणि त्या वर्षीच्या मंडळाची यादी. फोटो खिडकीतल्या उजेडात, सकाळी लवकर काढा. दुपारच्या उन्हात ब्राँझचा रंग खोटा येतो. मूळ डबी, बोलावणं किंवा प्रमाणपत्र पदकासोबत आलं असेल तर तेही त्याच फाइलमध्ये, पण पदकाला चिकटून नको.

खरेदीची सुरुवात 1977 च्या प्यूटर पदकानं करा. ते मिळणं सोपं आणि फसवलं जाण्याची भीती कमी. शिवाय परदेशी पैसे भरण्यापासून पोस्टमनपर्यंतचा सगळा प्रवास कमी रकमेत शिकून होतो. त्यानंतर एखादं फ्रेंच जेतों, म्हणजे जुन्या धातूची आणि झिजेची ओळख होते. दरम्यान इथल्या बाजारात कंपनीचा रुपया आणि सराफी वजनं बघत राहा. मग तिसरी मोठी खरेदी म्हणून 1930 ते 1960 मधलं एक ब्राँझ पदक, शक्यतो सदस्याचं नाव कोरलेलं. एकोणिसाव्या शतकातल्या पदकाकडे त्याच्या पुढेच वळा, तेव्हाही तुमच्या वहीत त्या पदकाच्या किमान तीन विक्रींची नोंद असेल तरच बोली लावा.